आधी शब्द, मग वास्तू: वसईची जुनी चर्च वाचताना

वसईच्या किल्ल्यातल्या पोर्तुगीजकालीन चर्चवर मराठीत पुष्कळ लिहिले जाते. त्यातल्या बऱ्याच चुका शब्दांपाशी सुरू होतात. मूळ पोर्तुगीज शब्द आधी इंग्रजीत जातो, इंग्रजीतून मराठीत येतो आणि या दोन फेऱ्यांत त्याचा अर्थ सरकतो. मग मठाची शाळा होते, डागडुजीची तारीख बांधकामाची होते आणि एका संताच्या जागी दुसराच उभा राहतो. गावाचा धर्मइतिहास लिहिणाऱ्या, किंवा नुसत्या कुतूहलाने किल्ल्यात हिंडणाऱ्या कुणालाही उपयोगी पडतील असे काही शब्द इथे घेतो.

सुरुवात ‘कॅथेड्रल’पासून. मोठे चर्च म्हणजे कॅथेड्रल, हा समज फार पक्का बसला आहे. हा शब्द ‘काथेद्रा’ म्हणजे आसन यावरून आला. बिशपचे अधिकृत आसन ज्या चर्चमध्ये आहे, तेच कॅथेड्रल. आकाराचा यात काही संबंध नाही. मुंबईच्या फोर्टमधले सेंट थॉमस चर्च १७१८ साली उपासनेसाठी खुले झाले, पण ते कॅथेड्रल झाले १८३७ साली, अँग्लिकन बिशपचे पद मुंबईत निर्माण झाल्यावर. म्हणजे ११९ वर्षे ते साधे चर्चच होते. वसईत आज कॅथेड्रल आहे ते पापडीचे, कारण १९९८ साली वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि बिशपचे आसन तिथे आले.

मग किल्ल्यातल्या सेंट जोसेफ चर्चला कॅथेड्रल का म्हणतात? जुन्या लिखाणात त्याला ‘से मात्रिझ’ म्हटले आहे. ‘से’ म्हणजे आसन, म्हणून भाषांतर करणाऱ्याने कॅथेड्रल लिहून टाकले. इथे वजनदार शब्द आहे तो ‘मात्रिझ’, म्हणजे मातृचर्च, शहरातले मुख्य पॅरिश चर्च. पोर्तुगीज काळात वसईला स्वतःचा बिशप कधीच नव्हता. ती गोव्याच्या आर्चबिशपच्या अखत्यारीत होती. तेव्हा मराठीत ‘मातृचर्च’ किंवा ‘मुख्य चर्च’ लिहावे, तेच खरे आहे.

याच चर्चच्या दर्शनी भागावरचा शिलालेख पाहा. त्यात १६०१ हे साल आहे, आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांचे नाव आहे, त्या वेळच्या व्हिकारचे, म्हणजे तिथल्या मुख्य धर्मगुरूचे, नाव आहे आणि शेवटी क्रियापद आहे ‘रेफोर्मो’. या चर्चचा जीर्णोद्धार झाला, एवढेच तो लेख सांगतो. चर्चची उभारणी त्याच्या अर्धशतकभर आधीची, १५४६च्या सुमारास सुरू झालेली. दगडावर आकडा दिसला की तो बांधकामाचा धरायचा, ही आपली सवय इथे ५५ वर्षांची चूक करवते. कुठल्याही लेखात सालाच्या आधी क्रियापद शोधावे. ‘फेझ’ किंवा ‘फाबरिकोउ’ असेल तर बांधले, ‘रेफोर्मो’ असेल तर दुरुस्त केले. आणि ‘मात्रिझ’ हा शब्द त्या लेखातच कोरलेला आहे, म्हणजे वरच्या वादाचा निकालही तिथेच लागतो.

बॅसिलिका या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नयेत. वास्तुशास्त्रात बॅसिलिका म्हणजे मधे उंच दालन आणि दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगांनी वेगळी केलेली ठेंगणी दालने असलेली लांबट इमारत. चर्चच्या व्यवहारात बॅसिलिका हा पोपने दिलेला मान आहे. जुन्या गोव्यातले बॉम जेझुस १६०५ साली पवित्र केले गेले, पण बॅसिलिका झाले १९४६ साली. वांद्र्याच्या माउंट मेरीला हा मान १९५४ साली मिळाला. म्हणून ‘सतराव्या शतकातली बॅसिलिका’ असे वाक्य लिहिताना आपण इमारतीच्या आराखड्याबद्दल बोलतोय की मानाबद्दल, हे आधी ठरवावे. बॉम जेझुसचा आराखडा एका दालनाचा आहे, म्हणजे पहिल्या अर्थाने ते बॅसिलिका नाहीच.

आता ‘कोन्व्हेंतो’ आणि ‘कोलेजिओ’. मराठी कानाला कॉन्व्हेंट म्हणजे इंग्रजी शाळा किंवा फार तर सिस्टरांचे निवासस्थान. पोर्तुगीज कागदांत कोन्व्हेंतो म्हणजे मठ, आणि त्यात पुरुष संन्यासीही राहतात. वसईतले फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन या संन्याशांच्या संघांचे कोन्व्हेंतो हे सगळे पुरुषांचे मठ होते. कोलेजिओ म्हणजे जेझुइट या आणखी एका संघाचे निवास आणि शिक्षणाचे केंद्र. ‘वसईत सोळाव्या शतकात कॉलेज होते’ हे वाक्य ऐकायला छान वाटते, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पदवी देणारी संस्था उभी राहते. ‘जेझुइटांचा कोलेजिओ’ असा मूळ शब्द ठेवून एका ओळीत अर्थ सांगितलेला बरा. तसेच ‘मिझेरिकोर्दिया’. हे कुठल्या चर्चचे नाव म्हणून लिहिले जाते, पण मुळात ती गृहस्थांची धर्मादाय मंडळी. आजाऱ्यांची सेवा, अनाथांचा सांभाळ, गरिबांचे दफन ही त्यांची कामे. त्यांचे चर्च त्या संस्थेचा एक भाग.

सर्वांत दाट गोंधळ गोन्सालो या नावाचा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. किल्ल्यात डॉमिनिकनांचे चर्च १५८३ सालचे, आणि ते संत गोन्सालो यांना वाहिलेले. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया आपल्याकडे सर्वांना माहीत, त्यामुळे हे चर्च त्यांचेच असे सहज लिहिले जाते. सालांची पडताळणी करून पाहा. गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीला क्रूसावर मारले गेले. धन्य म्हणून घोषणा झाली १६२७ साली, संतपद मिळाले १८६२ साली. १५८३ साली ते हयात होते. हयात माणसाच्या नावाने चर्च वाहिले जात नाही. डॉमिनिकनांचे संत गोन्सालो हे आमारांतीचे, तेराव्या शतकातले पोर्तुगीज डॉमिनिकन. आणि ज्या अवशेषाला लोक आज गोन्सालो गार्सिया चर्च म्हणतात ते आहे जेझुइटांचे, येशूच्या पवित्र नामाला वाहिलेले. गार्सिया स्वतः फ्रान्सिस्कन होते. एकाच किल्ल्यात एक नाव, दोन संत, तीन संघ. भक्तीने पडलेले नाव खोटे नसते, ते आजच्या लोकांच्या श्रद्धेचा इतिहास आहे. फक्त ‘मूळ नाव’ आणि ‘आजचे नाव’ असे दोन रकाने लिहिताना वेगळे ठेवावेत.

कोणते चर्च कोणत्या संघाचे, हे ओळखायची सोपी खूण दारावरच्या चिन्हात असते. जेझुइटांचे चिन्ह म्हणजे आय, एच, एस ही तीन अक्षरे, वर क्रूस, खाली तीन खिळे, भोवती किरण. ही येशूच्या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरे आहेत. ती इतर संघांच्या चर्चमध्ये, अगदी कबरींवरही सापडतात, त्यामुळे एकट्या अक्षरांवर विसंबू नये, दारावर मानाच्या जागी आहेत का ते पाहावे. फ्रान्सिस्कनांचे चिन्ह दोन आडव्या हातांचे: एक उघडा हात ख्रिस्ताचा, दुसरा झग्याच्या बाहीतला संत फ्रान्सिसचा, किंवा मग पाच जखमा. डॉमिनिकनांचा क्रूस टोकांना फुलोरा असलेला. ऑगस्टिनियनांचे बाणाने विंधलेले हृदय.

आता आत जाऊ या. अवशेषांमध्ये आधी दर्शनी भिंत लागते. गोल कमान दिसली की ‘गॉथिक’ लिहिणे थांबवायला हवे. गॉथिकची कमान टोकदार असते, छताला दगडी फासळ्या असतात. वसईच्या कमानी अर्धवर्तुळाकार, खांब ग्रीक-रोमन प्रमाणांतले, भिंत मजल्यांत विभागलेली. याला उत्तर-रेनेसान्स किंवा मॅनरिस्ट म्हणावे. खरे गॉथिक पुनरुज्जीवन पाहायचे तर कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये जावे, ते १८५८ साली पवित्र केलेले. खांबांची जात ओळखायला वरचा टोक-दगड पुरतो. साधी उशी असेल तर डोरिक, दोन बाजूंना गुंडाळीसारख्या वळ्या असतील तर आयोनिक, पानांचा गुच्छ असेल तर कोरिंथियन. जेझुइट चर्चच्या दाराशी हा पानांचा गुच्छ आहे. भिंतीवर वर गोल खिडकी असते, तिला ऑक्युलस म्हणतात. ‘गोल झरोका’ हा मराठी शब्द तिला अगदी चपखल बसतो.

दारातून आत आल्यावरचे लांब दालन म्हणजे नेव्ह. ‘सभामंडप’ हा शब्द मी टाळतो, कारण वाचकाच्या मनात मंदिराचा आराखडा येतो, आणि मंदिराच्या मंडपात लोक ज्या तऱ्हेने फिरतात ती इथे नाही. ‘मुख्य दालन’ पुरे. टोकाला जी मोठी कमान दिसते ती विजय-कमान. तिच्यापलीकडची अरुंद खोली म्हणजे ‘कापेला-मोर’, मुख्य वेदीची जागा. याला ‘गाभारा’ म्हणणाऱ्यांचे कारण कळते, पण गाभाऱ्यात मूर्ती असते आणि सामान्य माणूस आत जात नाही. इथे उपासना उघड्यावर, सगळ्यांच्या नजरेसमोर होते. ‘वेदीस्थान’ हा शब्द वसईच्या ख्रिस्ती मंडळींना समजतो, तो वापरावा.

नेव्हला छप्पर नाही आणि वेदीस्थानावर मात्र दगडी छत टिकून आहे, असे अनेक ठिकाणी दिसते. कारण बांधणीत आहे. रुंद दालनावर लाकडी कैच्या आणि कौले असत. अरुंद वेदीस्थानावर पिंपाच्या आकाराचे कमान-छत असे. कमानीचे वजन बाजूच्या भिंतींना बाहेर ढकलते. अंतर कमी आणि भिंत जाड असेल तरच ते पेलते. १७३९ साली मराठ्यांनी वसई घेतल्यावर वापर थांबला, लाकूड गेले, कौले उतरली. लाकूड काढून नेणे सोपे, कमान-छत काढून नेण्यात कुणाला रस नव्हता.

गेलेल्या लाकडाचा माग भिंतीत राहतो. दाराच्या वरच्या अंगाला, आतून, सरळ रेषेत चौकोनी खाचा दिसतात का पाहा. तिथे तुळया बसत आणि त्यावर ‘कोरो’ म्हणजे गायकांचा माळा असे. खाचांच्या रेषेवर, हवेतच उघडणारे एखादे दार असेल तर तो माळ्यावर यायचा रस्ता होता. भिंतभर विखुरलेली लहान भोके वेगळी, ती बांधकामाच्या वेळच्या परांचीची, म्हणजे बांबू-वाशांच्या मचाणाची. दोन्हींत गल्लत होते. तुळईची खाच मोठी असते, एका पातळीत असते आणि तिच्या बुडाशी बहुतेक सपाट घडीव दगड असतो.

बाजू सांगताना ‘डावी-उजवी’ लिहून भागत नाही, कारण कुठे तोंड करून उभे आहोत ते कळत नाही. जुन्या कागदांत ‘शुभवर्तमानाची बाजू’ आणि ‘पत्राची बाजू’ असे असते; शुभवर्तमान म्हणजे येशूचे चरित्र, पत्र म्हणजे प्रेषितांचे पत्र, त्या त्या बाजूला वाचले जाणारे. वेदीकडे तोंड करून उभे राहिले की डावी ती शुभवर्तमानाची, उजवी ती पत्राची. प्रवचनाचा ओटा, म्हणजे पुल्पिट, बहुधा शुभवर्तमानाच्या बाजूला. ‘पत्राच्या बाजूची तिसरी कबर’ असे वाक्य सापडले तर आता ती जागा शोधता येते. मापे ‘पाल्मो’त असतात. एक पाल्मो सुमारे २२ सेंटीमीटर, १० पाल्मोंची एक ‘ब्रासा’, म्हणजे २.२ मीटर. इंग्रज लेखकांनी याचे फूट केले आणि आपण फुटांचे पुन्हा मीटर करतो, तेव्हा दोनदा गोळाबेरीज होते. मूळ पाल्मो मिळाले तर तिथूनच हिशेब करावा.

फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीतल्या कबरशिळा हा वसईचा मोठा ठेवा आहे. त्या वाचायला भाषा फारशी यावी लागत नाही, ठरलेले दहा-बारा शब्द ओळखता आले की पुरे. ‘सेपुल्तुरा’ म्हणजे कबर. जागा वाचवायला फक्त एस कोरून त्याच्यावर बारीक ए बसवलेला असतो. ‘एर्देइरोस’ म्हणजे वारस: ‘ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची’, असा मजकूर सर्रास आढळतो. म्हणजे तो एका माणसाचा दगड नाही, कुटुंबाच्या हक्काची जागा आहे, आणि त्यावरचे साल पहिल्या दफनाचे असेलच असे नाही. ‘मुल्येर’ म्हणजे पत्नी, ‘फालेसेओ’ म्हणजे वारले. यू हे अक्षर व्हीसारखे कोरलेले असते. एन कधीकधी उलटा कोरलेला सापडतो.

महिन्यांत खरा सापळा आहे. सातचा आकडा आणि पुढे ‘ब्रो’ असे दिसले की जुलै लिहिला जातो. तो सप्टेंबर आहे. ‘सेतेंब्रो’मधला ‘सेते’ म्हणजे सात, म्हणून आकडा वापरायचा. आठ आणि ‘ब्रो’ म्हणजे ऑक्टोबर, नऊ म्हणजे नोव्हेंबर, आणि रोमन दहा, म्हणजे फुली आणि ‘ब्रो’, हा डिसेंबर. सालाआधी ‘एरा’ असेल तर घाबरू नये. मध्ययुगीन पोर्तुगालमध्ये ‘एरा’ ही ३८ वर्षे पुढची कालगणना होती, पण ती १४२२ साली बंद झाली. वसई पोर्तुगीजांकडे आली १५३४ साली, त्यामुळे इथल्या दगडावर ‘एरा’ म्हणजे साधे इसवी सन. काही वजा करायचे नाही.

शिळा वाचायची वेळ सकाळी लवकर किंवा मावळतीला. ऊन तिरपे पडले की पुसट अक्षरही सावलीने उठून दिसते. दुपारी तीच शिळा कोरी वाटते. उजेड नसेल तर बॅटरी जमिनीलगत आडवी धरून एकेका बाजूने फिरवावी आणि प्रत्येक बाजूचा फोटो घ्यावा, चार फोटोंत मिळून ओळ लागते. खडू, पीठ, रंग भरू नये. त्याचे कण दगडाच्या छिद्रांत बसतात, आणि भरणारा आपल्याला वाटते तेच अक्षर ठळक करतो. मग पुढचा माणूस दगड न वाचता त्याचा अंदाज वाचतो.

कागदांतल्या तारखांचे एक पथ्य. पोर्तुगालने नवी, म्हणजे ग्रेगोरियन, दिनदर्शिका १५८२ साली घेतली, इंग्रजांनी १७५२ साली. त्यामुळे वसईच्या शरणागतीचा करार पोर्तुगीज कागदांत १६ मे १७३९चा, तर त्या काळच्या इंग्रजी नोंदीत तोच दिवस ५ मे. इंग्रजांचे वर्षही तेव्हा २५ मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारी ते मार्चमधल्या इंग्रजी नोंदींत साल एकाने मागे असू शकते. ‘साल्सेत’ नावाचेही तसेच. मुंबईची साष्टी आणि गोव्याची सासष्टी, दोन्ही पोर्तुगीजांच्या लेखी साल्सेत. कागदात वसई, ठाणे, वांद्रे यांपैकी शेजारचे एखादे नाव सापडेपर्यंत निष्कर्ष काढू नये.

बोलीतल्या शब्दांतही हा इतिहास आहे. नाताळ, पाद्री, क्रूस, मिस्सा हे पोर्तुगीजांकडून आलेले. प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या मराठीत मात्र वधस्तंभ, मंडळी, पाळक, प्रभुभोजन असे शब्द घडले किंवा रूढ झाले. जुन्या मराठी कागदात ‘पाळक’ दिसला तर तो बहुधा कॅथलिक नाही, ‘पाद्री’ दिसला तर थांबून आणखी पुरावा पाहावा, कारण हा शब्द पुढे सगळ्यांनाच लावला जाऊ लागला. भाषांतर करताना हे दोन संच मिसळू नयेत. वसईच्या रेमेदी या कॅथलिक चर्चमधल्या मिस्साला ‘प्रभुभोजन’ लिहिले तर तिथल्या माणसाला ते परके वाटते, आणि ते बरोबरच आहे.

घंटा राहिली. वसईच्या मोहिमेतल्या घंटा महाराष्ट्रातल्या अनेक देवळांत आहेत. वाईजवळ मेणवलीच्या घंटेवर १७०७ साल आणि बाळ येशूसह मरियेची उठावाची आकृती आहे, नाशिकच्या नारोशंकर मंदिरातल्या घंटेवर १७२१. हे साल घंटा ओतल्याचे आहे. ती वसईत किती वर्षे वाजली आणि कुठल्या चर्चच्या मनोऱ्यात, ते त्या आकड्यावरून ठरत नाही. त्यासाठी घंटेवरचा बाकीचा मजकूर पाहावा: संताचे नाव असेल तर वाहिलेल्या चर्चचा माग लागतो, संघाचे चिन्ह असेल तर शोध किल्ल्यातल्या एकदोन वास्तूंपर्यंत येतो. लेखाची पट्टी घंटेच्या खांद्यापाशी आणि ओठाच्या जरा वर अशी दोन्हीकडे असू शकते, आणि ती गोल फिरते. म्हणून सुरुवात कुठून हे ठरवायला लहान क्रूस शोधावा. बहुधा तिथूनच पहिले अक्षर सुरू होते.